पारामोवर हाक मारायची नाही

पारामोवर ओरडायचं नाही, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. तो उंच, उघडा डोंगर झोपलेला असतो म्हणे. हाक ऐकली की चिडतो, धुकं आणि गारठा अंगावर सोडतो, मग कुणीच खाली उतरत नाही. माझ्या धाकट्या भावाला, कुस्तोदियोला, हे मीच शिकवलं. आई नव्हती, मग दुसरं कोण शिकवणार?

अठराशे पंच्याऐंशी साली, सरकारविरुद्धच्या बंडात, नदीच्या पुलापाशी आमच्या लाल फितवाल्यांनी सपाटून मार खाल्ला. कुस्तोदियो लढणाऱ्यांत, मी स्वयंपाकाची भांडी घेऊन त्यांच्या मागे. तिसऱ्या दिवशी निळ्या फितीचे सरकारी सैनिक पाठीस लागले आणि उरलेल्या दोनशे जणांना पारामोच्या वाटेनं पळावं लागलं. कालपर्यंत छाती काढून फिरणारे सगळे शेपूट घालून चालले होते. मला त्यांची चीड येत होती, आणि मीही त्यांच्यातच चालत होते.

कुस्तोदियोच्या मांडीत गोळी होती. शेवटची चढण लागण्याआधी मी त्याच्या चपलांत ऊब राहावी म्हणून तिथल्या झाडांची लोकरी पानं कोंबली आणि हातावर गुळाचा खडा ठेवला.

"तोंडातून आवाज काढलास तर याद राख."

"ताई, माझं सोड. तू गप्प बसलेली गावानं कधी पाहिलीय का?"

माथ्यावर धुकं आलं. पुढच्याची पाठ दिसेना. लोकरी पानांची ती माणसाएवढी झाडं सगळीकडे माणसांसारखी उभी. थोड्या वेळानं मागे वळले, तर कुस्तोदियो नाही. तोंड उघडणार तोच वाटाड्या सातुरियोनं दंड धरला.

"हाक मारायची नाही, बाई."

"माझा भाऊ मागे राहिलाय."

"आणि हे दोनशे कुणाचेच कुणी नाहीत का? येईल तो वाटेनं. तू ओरडलीस तर कुणीच यायचं नाही."

मी हात पुढे करून चाचपडत मागे गेले. दर वेळी माणूस समजून झाडालाच कवटाळलं. ओठ चावून रक्त काढलं, पण हाक मारली नाही. शेवटी सातुरियोनं मला ओढत नेलं. दोनशे लोक सुखरूप उतरले. सगळे म्हणाले, एदुविना शहाणी बाई.

दोन दिवसांनी ऊन पडलं, तेव्हा मी आणि सातुरियो वर गेलो. वाटेपासून वीस पावलांवर कुस्तोदियो एका झाडाला टेकून बसला होता. डोळे उघडे. चिखलात माझ्या पावलांचे ठसे त्याच्या समोरून जाऊन परत आले होते. त्यानं टोपीची लाल फीत काढून तोंडात बोळा कोंबला होता. दात इतके घट्ट मिटलेले की आम्हाला ती सोडवता आली नाही.

"शब्दाला जागला पोरगा," सातुरियो म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याशी कधी बोलले नाही.

आता मी पारामोखालच्या शेवटच्या घरात राहते. धुकं उतरलं की वर जाते आणि कुस्तोदियोच्या नावानं घसा फोडते. वाटसरू छातीवर क्रूस काढतात, वेडी म्हणतात. म्हणोत. धुक्यातून ओ कधीच येत नाही. दातांत काहीतरी धरून कुणी श्वास घेतंय, एवढंच ऐकू येतं, आणि मी अजून मोठ्यानं ओरडते.

तीस वर्षं झाली. डोंगर एकदाही रागावला नाही.