आईच्या पुड्या

आई गेल्याच्या सातव्या दिवशी मी इस्पितळात कामावर परत गेले. घरी तिच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची जपमाळेची प्रार्थना चालू होती, पण ती संध्याकाळी सहाला सुरू व्हायची. सकाळभर घरात बसून मी काय करणार होते? क्रिसांता मावशी मला स्वयंपाकघरात कशाला हात लावू देत नव्हती. "तू डॉक्टर, तू बस," म्हणायची. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मी उरुआपान शहरात लहान मुलांच्या पोटाची डॉक्टर आहे. दूध न पचणारी तान्ही बाळं, जंत, जुलाब, आणि सगळ्यांत जास्त बद्धकोष्ठ. माझा निम्मा दिवस शी या विषयावर बोलण्यात जातो. आया लाजतात, मुलं हसतात, बाप खिडकीबाहेर बघतात.

त्या दिवशीची तिसरी मुलगी आमच्याच गावची होती, यारेत्सी, सहा वर्षांची. तिची आई मक्लोव्हिया मला तोंडओळखीने माहीत होती. मुलीचं पोट महिनाभर दुखत होतं, सहा-सात दिवसांनी एकदा शी व्हायची, जेवण सुटलं होतं. मी पोट दाबून पाहिलं. घट्ट होतं, पण तसं मी रोज दहा मुलांचं पाहते. खटकला तो तिचा रंग. ओठ पांढरे पडले होते. आणि मक्लोव्हिया बोलता बोलता म्हणून गेली, की पोरीला स्वतःचं नाव लिहिता यायचं, ते आता येत नाही.

"घरी काही उपाय केलात?"

"नाही हो, डॉक्टर."

सगळ्या नाहीच म्हणतात. आम्ही ओरडतो म्हणून. त्यामुळे मी तोच प्रश्न नेहमी दुसऱ्यांदा, वेगळा विचारते.

"बरं, दाखवायला कुणाकडे नेलं होतंत?"

तिने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्हाला वाईट वाटेल."

"नाही वाटणार. सांगा."

"फिदेलाबाईंकडे. तुमच्या आईंकडे." मग ती भरभर बोलायला लागली. "चोळून घेतलं की दोन दिवस बरं वाटायचं तिला. मग त्यांनी पुडी दिली. रोज सकाळी मधातून चिमूटभर. त्या गेल्या तेव्हा वाटलं, आता कुठून आणायची. पण परवा जपमाळेनंतर क्रिसांताबाईंनी तीन दिल्या. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्या सगळ्यांना देतायत, आठवण म्हणून."

तिने पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. खाकी कागद, तिकोनी घडी, टोक आत खोचलेलं. घडी कुणाची ते मला उघडायच्या आधीच कळलं. आत शेंदरी पूड होती.

आमच्याकडे पोट अडलं की त्याला एम्पाचो म्हणतात. एखादा घास आतड्याला चिकटून बसला आहे, तो सोडवायचा. आजूबाजूच्या सात गावांत त्यासाठी माझ्या आईचं नाव होतं. ती पोट चोळायची, पाठीची कातडी चिमटीत धरून ओढायची, कट् असा आवाज आला की आया सुटकेचा श्वास सोडायच्या. आणि हाताने काम झालं नाही तर पूड.

ग्वादालाहाराला शिकत असताना मला कळलं की या उपायातली शेंदरी पूड म्हणजे शिसं असतं. शिशाने आतडी मंदावतात, पोटात कळा येतात, शी थांबते. म्हणजे एम्पाचो वाढला. म्हणजे अजून पूड.

त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी आईला विचारलं होतं, "तू पुडीत काय देतेस?" ती घेवडा निवडत होती. "मी हाताने बरं करते," ती म्हणाली. "पूड कधीमधी. तीही झाडपाल्याची." पुडीचा डबा माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता. मी हात वर करून चिमूटभर पूड काढून घेऊ शकले असते. त्याला अकरा वर्षं झाली. परक्या आयांना मी दोनदा विचारते. तिला एकदाच विचारलं.

यारेत्सीच्या पोटाच्या एक्स-रेमध्ये आतड्यांच्या वळणावळणांत पांढरे कण दिसले, सांडलेल्या वाळूसारखे. मी रक्त तपासायला पाठवलं आणि तिला लगेच दाखल करून घेतलं.

"मीच भरवलं तिला," मक्लोव्हिया म्हणाली. "नाही म्हणायची, तर नाक दाबून भरवलं."

"तुम्ही औषध समजून दिलंत."

"तुमच्या आईंनीही तसंच दिलं असेल ना?"

"हो," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा मावशी मक्याची पेज ढवळत होती. मी फळीवरचा डबा खाली काढला. रिकामा होता.

"कुणाकुणाला दिल्यास?"

"ज्यांना हव्या होत्या त्यांना."

मी तिला सगळं सांगितलं. तिने ढवळणं थांबवलं नाही.

"नवव्या दिवसापर्यंत थांब," ती म्हणाली. "क्रूस उचलू दे. मग काय ती तुझी डॉक्टरकी कर."

"उद्या सकाळी कुणीतरी पोराला भरवेल, मावशी. परवाही भरवेल."

"पस्तीस वर्षं देत होती. कोण मेलं?"

"माहीत नाही. कुणी पाहिलंच नाही."

"तुलाही दिली होती. तू काय मंद झालीस? डॉक्टर झालीस."

"कदाचित आणखी हुशार झाले असते."

एरवी ती हसली असती. "आईचं नाव मातीत घालायचं असेल तर घाल," ती म्हणाली. "माती ओलीच आहे अजून."

नावं तिने सांगितली नाहीत. मी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दारोदार फिरले. चार घरांत विचारलं, चारही घरांत पुडी नव्हती. "आमच्याकडे? छे हो. बसा ना, कॉफी घ्या." सगळ्या बायका एका ठिकाणी सापडतील अशी वेळ एकच उरली होती.

नवव्या दिवशी पुढच्या खोलीत जमिनीवर चुन्याचा क्रूस काढलेला होता, आईची शवपेटी जिथे ठेवली होती तिथेच. प्रार्थना संपल्या की तो थोडा थोडा उचलून डब्यात भरतात आणि कबरीवर नेतात. ते झालं की जेवणं, आणि जेवणं झाली की लोक पांगतात. म्हणून शेवटची प्रार्थना संपताच मी उभी राहिले. मावशी माझ्याकडे पाहत नव्हती.

मी म्हणाले, "आईने दिलेल्या पुड्यांत शिसं आहे. यारेत्सी त्यामुळेच इस्पितळात आहे. तिचा रक्ताचा रिपोर्ट आज दुपारी आला. मुलांना पूड देऊ नका. घरात असेल ती मला आणून द्या आणि मुलांचं रक्त तपासून घ्या." मग मी थांबले, कारण पुढचं वाक्य तयार केलेलं नव्हतं. "आईला हे माहीत नव्हतं. मला अकरा वर्षांपूर्वी शंका आली होती. मी तपासलं नाही. दोष कुणाला द्यायचा तर तो माझा आहे."

मग कोपऱ्यातून तोमासा आजी बोलली. तिचे सात मुलगे आईच्या हाताखालून गेले होते.

"आणि पोट अडलं की काय द्यायचं? तुझा रिपोर्टचा कागद?"

दोघी-तिघी हसल्या. मला बरं वाटलं.

"पाणी. पपई. भिजवलेले आलुबुखार. आणि पोराला विचारायचं, शाळेतल्या संडासात जातोस का. निम्मी पोरं तिथल्या घाणीमुळे दिवसभर दाबून धरतात. तरीही अडलं, तर माझ्याकडे आणायचं."

"आणि चोळायचं नाही?"

"चोळा की. हळू चोळा."

"फिदेला हळूच चोळायची," आजी म्हणाली. कुणी विरोध केल्यासारखी ती सगळ्यांकडे पाहत राहिली. कुणी केला नाही.

क्रूस उचलला गेला. जेवणं झाली. कुणी मला टाळलं नाही आणि कुणी एकही पुडी दिली नाही.

दोन दिवस काहीच घडलं नाही. यारेत्सीला रक्तातलं शिसं बाहेर काढणारं औषध चालू होतं. तिसऱ्या सकाळी तिला आपणहून शी झाली आणि मक्लोव्हियाने ही बातमी वॉर्डमधल्या सगळ्या आयांना सांगितली. त्याच सकाळी बाहेरच्या बाकांवर मला आमच्या गावच्या पाच बायका दिसल्या.

"वजन बघायचं होतं पोराचं," पहिली म्हणाली. दुसरीला मुलीची उंची बघायची होती. मी वजन केलं, उंची मोजली आणि सगळ्यांचं रक्त घेतलं. कुणी हरकत घेतली नाही. जाताना एकीने रुमालाखालून काहीतरी टेबलावर सरकवलं. शुक्रवारपर्यंत माझ्या खणात चौदा पुड्या जमल्या. मावशीने किती वाटल्या होत्या ते मला अजून माहीत नव्हतं.

शुक्रवारी सगळ्यांत शेवटी मावशीची सून आली, दोन मुलांना घेऊन. "सासूबाई बाहेर बसल्यात," ती म्हणाली. "आत येत नाही म्हणतात."

मुलांना नर्सकडे सोपवून मी बाहेर गेले आणि बाकावर मावशीशेजारी बसले. तिने शालीआडून हात काढला आणि वहीचा एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकोणीस नावं होती. माझ्याकडे न आलेल्या घरांपुढे तिने फुली केली होती.

"यांच्याकडे मी जाऊन आणते," ती म्हणाली. "तुला देणार नाहीत."

"बरं."

ती समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र पाहत होती.

"त्या दिवशी सगळ्यांना जसं सांगितलंस," ती म्हणाली, "तसं तिला सांगितलं असतंस तर तिने ऐकलं असतं. माझं नसतं ऐकलं. तुझं ऐकलं असतं."

"माहीत आहे मला."

"मग का नाही सांगितलंस?"

"तिला राग येईल असं वाटलं."

मावशीने विचार केला. "आला असता," ती म्हणाली. "आठवडाभर."

आत धाकट्याला सुई टोचली असावी, तो रडायला लागला. मावशी उठली, शाल सारखी केली आणि आत गेली.