उभ्या गाडीतला गारवा

"गॅस भरणार नाही," धम्मप्रिया म्हणाली. "आधीच जास्त झालाय."

माझा भाचा वैजनाथ तिच्याकडे बघतच राहिला. सकाळचे दहा वाजले होते. हदगावहून आम्ही तिघे गाडीचा एसी दाखवायला नांदेडला धम्मप्रियाच्या गॅरेजात आलो होतो. वैजनाथ, त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण केवळाबाई, आणि मी. अक्काच्या हृदयाची झडप बदलून अडीच महिने झाले होते. पाच वाजता लातूरला तपासणी होती. तिथले डॉक्टर पंधरवड्यातून एकदाच येतात आणि सहाला परत निघतात. मागच्या खेपेला अहमदपूरजवळ रस्त्याच्या कामात गाडी अर्धा तास अडकली, आणि अक्का घामाने भिजून माझ्या खांद्यावर बेशुद्ध पडली. तिथूनच माघारी फिरावं लागलं. आता आणखी पंधरा दिवस थांबणं डॉक्टरांना मान्य नव्हतं, आणि बिनगारव्याच्या गाडीतून येणंही. हे सगळं धम्मप्रियाला आल्याबरोबर सांगून झालं होतं.

"ताई, या उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला मी," वैजनाथ म्हणाला. "तीन गॅरेजात. संपून राहिला म्हणूनच गार होत न्हाई ना?"

"गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का दादा, जळून संपायला? गळला तरच कमी होतो. सगळीकडं बघितलं मी, गळती कुठंच नाही. हे बघा." तिने लाल-निळ्या नळ्या लावलेलं दाबाचं मीटर त्याच्यापुढे धरलं. लाल सुई पार वर चढली होती. "चालत्या गाडीत गार लागतं का?"

"कुठंच न्हाई लागत."

मी कायम मागच्या सीटवर बसणारा माणूस. गप्प राहावं असंच वाटत होतं, पण तिने माझ्याकडेही बघितलं.

"चालताना लागतं," मी म्हणालो. "थांबली की दोन मिनिटांत जातं." आणि लगेच वाटलं, उगाच बोललो.

"मामा, तुम्ही पुस्तकात मुंडी घालून बसलेले. तुम्हाला काय कळतंय गाडीतलं?"

"काकांनाच कळलंय," धम्मप्रिया म्हणाली. "काका, तुमच्या हातातल्या पेपरचं एक पान द्या बरं."

मी आतलं पान दिलं. तिने इंजिन चालू ठेवून पंखा फिरतोय याची खात्री केली. मग गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीवर पान धरलं आणि हात सोडला. पान सरळ खाली पडलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"चालताना वारा आपोआप आत घुसतो, थांबली की सगळा भार पंख्यावर. तो मागून हवा ओढतोय. पान जाळीला चिकटून राहायला पाहिजे. राहत नाही, म्हणजे मधे काहीतरी बसलंय."

"जाळी तर चकाचक हाय!" वैजनाथला राग आला. "दर रविवारी मी स्वतः धुतो. प्रेशरच्या पाइपानं."

"समोरून?"

"मग काय मागून?"

"गाडी उभी कुठं असते?"

"कापसाच्या जिनिंगच्या आवारात. मी तिथंच तोलाईला असतो."

धम्मप्रियाने मान हलवली. "तीन तास लागतील. जास्तीचा गॅस मशीनमध्ये काढून घेते, जाळी खोलून साफ करते, मग मापात भरते."

"तीन घंटे? एक वाजून जाईल! शेजारचा वीस मिनिटांत भरून देतो."

"देईल की. आणि अहमदपूरला मावशी पुन्हा पडतील. चावी तुमच्या हातात आहे, दादा. बघा."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. वैजनाथने चावी मुठीत दाबून धरली. तेवढ्यात कुलरपुढे खुर्चीत बसलेली अक्का आतून ओरडली, "वैजू, दे ती चावी! तिघा गड्यांचं ऐकलंस, आता हिचं ऐक."

चावी गेली.

जास्तीचा गॅस काढून होताच मशीनवरचा आकडा तिने वैजनाथला दाखवला. सहाशे चाळीस ग्रॅम. मग मला म्हणाली, "काका, चष्मा आहे ना? गॅस किती भरायचा त्याची चिठ्ठी बॉनेटला आतून चिकटवलेली असते, वाचा बरं."

मी वाचलं. साडेचारशे ग्रॅम. बारीक अक्षर होतं म्हणून पुन्हा वाचलं. तितकंच.

"म्हणजे जवळपास दीडपट करून ठेवलाय," ती म्हणाली आणि पाना घेऊन खाली वाकली.

गाडीच्या तोंडाशी दोन जाळ्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढची एसीची, मागची इंजिनच्या पाण्याची. धम्मप्रियाने पुढची सोडवून बाजूला घेतली, तेव्हा दोन्हींच्या मधून घोंगडीचा तुकडा निघावा तसा एक करडा थर निघाला. कापसाचे तंतू, धूळ, चिखल, सगळं एकजीव झालेलं. पुढच्या बाजूला एक तंतू नव्हता. दर रविवारी पाण्याच्या जोराने सगळं आत ढकललं गेलं होतं.

वैजनाथने तो थर हातात घेतला. उलटापालटा करून बघितला.

"हे मी केलं?"

"कापूस तुमच्या जिनिंगचा, पाणी तुमचं. पण काम मन लावून केलंय. मला काढायला घंटाभर लागला."

अक्का कुलरपुढे बसून हसली. वैजनाथही हसला, पण जरा उशिरा.

जाळ्या मागून पुढे, हलक्या पाण्याने धुऊन वाळवल्या. जोडणी झाल्यावर तिने पंपाने नळ्यांतली हवा ओढून घेतली आणि अर्धा तास नुसती सुईकडे बघत बसली. सुई हलली नाही, म्हणजे गळती नव्हती. मग वजन लावून साडेचारशे ग्रॅम गॅस भरला, ना एक कमी ना जास्त.

"निघू?" वैजनाथ म्हणाला.

"थांबा. आधी उन्हात उभी राहू द्या."

बाहेर त्रेचाळीस अंश होतं. बंद काचांची गाडी इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं रस्त्याकडेला उभी राहिली. धम्मप्रिया आत थर्मामीटर धरून बसली होती. उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. "जावा आता," ती म्हणाली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

लोहा गेलं, माळाकोळी गेलं. अहमदपूरच्या अलीकडे, त्याच रस्त्याच्या कामापाशी, ट्रकांची रांग लागली. गाडी थांबली. वैजनाथने आधी घड्याळ बघितलं, मग आरशातून आईकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अक्काची मान माझ्या खांद्यावर कलली.

मी तिचा हात धरला. कोरडा होता, आणि गार.

"अक्का?"

तिने एक डोळा उघडला. "जित्ती हाय. झोपू दे की."

वैजनाथचा फोन वाजला. धम्मप्रिया होती. "कुठवर पोचलात?"

"अहमदपूरला अडकलोय, ताई. पंधरा मिनिटं झाली उभे हावत."

"मावशी?"

"घोरून राहिली."

"मग तुम्ही कशाला घाबरलात?" ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

रांग सुटली. पावणेपाचला आम्ही लातूरच्या दवाखान्यापुढे उतरलो. अक्का कठड्याला धरून पायऱ्या चढून गेली. मला दोन पायऱ्यांतच धाप लागली, म्हणून मी खालीच थांबलो.