कोपऱ्यात सरकवलेली मोटर

पंपांच्या कारखान्यात भाची कामाला लागली तेव्हाच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, की आत्या भांडार सांभाळते, म्हणजे वशिलाच. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे कुजबुज चाले. त्या रागातच ती मालकांसमोर जरा जास्त बोलून गेली, "भांडाराची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करायला बाहेरची माणसं कशाला? मी स्क्रिप्ट लिहिते, छोटासा प्रोग्रामच तो." आता ती स्क्रिप्ट फसली, तर कुजबुज खरी ठरणार होती.

आत्याची फाइल साधी टेक्स्टची. पंपाचं नाव डावीकडे, त्याचे भाग जरा आत, भागांचे स्क्रू-वॉशर आणखी आत. ओळीआधीची मोकळी जागा मोजायची आणि कोण कुणाच्या पोटात बसतं ते ठरवायचं, एवढंच स्क्रिप्टचं काम. डब्यात डबा, त्यात डबी.

मालकांना दाखवायच्या दिवशी सकाळी तिनं स्क्रिप्ट चालवली आणि बघते तर काय! भलीमोठी मोटर चिमुकल्या वॉशरच्या आत जाऊन बसली होती.

फिटरकाका मागून डोकावले. "वॉशरला दिवस गेलेत वाटतं!" म्हणत फिदीफिदी हसले.

तिनं फाइल उघडली. वॉशरच्या खालचीच मोटरची ओळ पार उजव्या टोकाला! ती उठून भांडारात गेली आणि हळूच विचारलं, "आत्या, ही मोटर एवढी लांब का गं?"

"ती मिळत नाही आता बाजारात. बंद झालेला भाग मी कोपऱ्यात सरकवते. पुसवत नाही बाई, लोकांकडे जुने पंप आहेत अजून."

भाचीनं कपाळावर हात मारला. आत्याचा नियम चोख होता, फक्त तो आत्याच्या डोक्यात होता! एक पायरी आत असेल तो पोटातला भाग. थेट टोकाला उडी मारली, तर त्याच पंपाच्या 'बंद' कप्प्यात. तिनं दोन ओळी वाढवल्या.

मालकांनी मुद्दाम सगळ्यात जुना पंप उघडायला लावला. एकेक भाग आपापल्या जागी निघाला, मोटर 'बंद' कप्प्यात. "बाहेरच्यांना नको म्हणून कळवा," एवढंच म्हणून ते गेले. फिटरकाकांचं हसू कुठल्या कुठे पळालं.

लोक बोलतील म्हणून कारखान्यात नातं कधी तोंडावर न आणणारी आत्या दारात आली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "या रे सगळे! माझ्या भाचीनं काय केलंय ते बघून जा."

भाची लाजून चूर झाली. पण छाती अशी फुगली होती, की तिनं स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवली.