कातळावरची माती

वैशाख. आणि सडा. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेला आरक्त, निर्वृक्ष, निःशब्द कातळ. वर तप्त आकाश, खाली तप्त धरा, आणि दोहोंमध्ये थरथरणारी झळ. सावली म्हणावी तर उडत्या घारीची, आणि तीही क्षणभर.

फार पूर्वी इथे अग्नी वाहिला होता. एक अवघे खंड सागरातून उत्तरेकडे सरकत होते. त्याच्या विदीर्ण उरातून लाव्हारस उसळला, थरावर थर निजला, निवला, काळा झाला. मग युगानुयुगे पाऊस कोसळला. मृदू ते सारे त्याने विरघळवून नेले आणि मागे ठेवला हा लोहवर्ण, सच्छिद्र, निष्ठुर जांभा. अग्नीने घडवले, जलाने लुटले. पृथ्वीला कसलीच घाई नव्हती.

भागीला घाई होती. तिच्या मांडीवर तिची तान्ही तुळसा होती, तापाने पहाटे विझलेली. दिवस मावळायच्या आत तिला मातीआड करायचे होते, आणि सड्यावर माती नव्हती. अंधार पडला की इथे कोल्हे हिंडतात. नुसता दगडांचा ढीग त्यांना किती अडवणार?

तिचा नवरा बमू पहारीने कातळावर घाव घालत होता. घाव, आणि ठिणगी. घाव, आणि ठिणगी. अग्नी अजून दगडात जागा होता. वाट तेवढी देत नव्हता. बमूच्या तळहातांची सालटी निघाली, तरी खड्डा होईना.

मग एका खोलगटात पहार आत गेली. मऊ! बमू अधाशासारखा उकरू लागला. भागीने पाहिले: ढेकळांत वाळलेल्या, केसासारख्या काड्या. सीतेची आसवे म्हणतात त्या रानफुलांच्या. भाद्रपदात इथे तळे साचते, आणि त्या उथळ, आकाशवर्ण पाण्यात ती निळी आसवे फुलतात.

"हितं नगं," ती किंचाळली. "हितं पानी ऱ्हातं. गारठंल ती."

"मंग कुठं ठिवू तिला?" बमूने पहार फेकली. "सांग की, कुठं ठिवू?"

सासू कोंडाई शेजारी बसली होती. ती उठली आणि नाचणीच्या वाफ्याकडे चालू लागली. बमूने पहार उचलली, भागीने तुळसाला, आणि दोघे तिच्या मागोमाग निघाली.

तो वाफा पृथ्वीने दिलेला नव्हता. कोंडाईच्या सासूने, मग कोंडाईने, मग भागीने दरीतून मातीच्या पाट्या डोईवर वाहून, दगडी बांध घालून, तो कातळावर अंथरला होता. वर्षाची भाकरी त्यातच पिके. म्हणून वाफ्यातून निघताना हातपाय तिथेच झाडायचे, नखांतली मातीही काडीने तिथेच काढायची, अशी घरची रीत होती. नव्या नवरीला, भागीला, विसरल्याबद्दल कोंडाईने भर उन्हात बांधावरून हातपाय झाडायला परत पाठवले होते.

बमूने खणले. या मातीत ठिणगी उडाली नाही. भागीने आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्यात तुळसाला गुंडाळले, खड्ड्यात ठेवले, आणि मूठमूठ माती लोटली. आधी पायांवर. मग पोटावर. तोंडावर लोटवेना. तिची मूठ तशीच अधांतरी राहिली, तेव्हा कोंडाईने आपल्या सुरकुतल्या हाताने ती हळूच उलटी केली.

सूर्य कलला. रक्तवर्ण कातळावर रक्तवर्ण प्रकाश सांडला. बमूने बांधाशी उभे राहून सवयीने हात झाडले, पाय झाडले. कोंडाईने काडी घेऊन नखे कोरली.

भागीने काहीच झाडले नाही. दोन्ही मुठी आवळून, नखांत माती तशीच घेऊन, ती बांध ओलांडून गेली. आणि कोंडाईने तिला परत बोलावले नाही.