डोक्यावरचा हुकूम

माद्रिदहून हुकूम आला की सांता कासिल्दाचे गव्हर्नर गास्पार उर्बिना टोपी काढायचे, भर चौकात कागदाचं चुंबन घ्यायचे, तो डोक्यावर ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "हुकूम शिरसावंद्य आहे. पण पाळता येत नाही." मग महाराजांना कारणं लिहायची आणि उत्तराची वर्षभर वाट बघायची. राजाचा मानही राहायचा आणि गावही. अमेरिकेतल्या सगळ्या स्पॅनिश गव्हर्नरांची हीच रीत. नाहीतर तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी आमचं केव्हाच वाटोळं केलं असतं.

हा एक हुकूम मात्र पाठ सोडत नव्हता. चाचे किनारा लुटतात, तेव्हा अख्खं गाव उचला आणि बारा कोस आत, नदीकाठच्या माळावर वसवा. अहो, गाव कोळ्यांचं. त्यांना माळावर नेऊन काय चारणार, गवत? गास्पारनी दोनदा कागद डोक्यावर घेतला, दोनदा विनंती धाडली. तिसऱ्या खेपेला कागदाबरोबर माणूसच आला. तपासनीस लेआंद्रो व्हेयोसा, पायात रेशमी मोजे.

"या वेळी विनंती चालायची नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी मला हो म्हणा, नाहीतर जहाजात तुमच्यासाठी बेड्या आहेत."

घरी येऊन गास्पार मटकन बसले. शूरबिर काही नव्हते ते. बेड्यांची त्यांना भीती वाटत होती, आणि गाव हलवायची त्याहून जास्त.

त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या तोमासाने, एका कोळ्याच्या विधवेने, तळलेला मासा पुढे सरकवला. "खाऊन घ्या. माळावर गेल्यावर बेडूक तळून घालीन."

"तोमासा, माझा जीव टांगणीला लागलाय."

"आणि आमचा काय झोपाळ्यावर बसलाय? कागद ठेवून ठेवून टक्कल पडलं तुम्हाला, साहेब. आता जरा आतून चालवा डोकं."

गास्पारनी घास तोंडातच धरला. बेडूक.

नव्या गावाच्या चौकात पहिला खांब जो रोवतो तो संस्थापक, त्याचं नाव दगडावर कोरतात. फक्त रविवारची प्रार्थना होईपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही.

सकाळी ते तपासनिसांना म्हणाले, "हुकूम मानला. पण दोनदा हुकूम टाळलेल्या माणसाने खांब रोवणं शोभत नाही. राजाचा माणूस हजर असताना मान त्याचा."

लेआंद्रोंची छाती फुगली. "दगडावर नाव माझं?"

"तुमचंच. पण पावसाळा आहे. माळाचं तळं होतं, मी दोनदा लिहून कळवलंय."

"वाचलीत तुमची रडगाणी," तपासनीस हसले. आणि पाद्रीबाबांना घेऊन निघाले.

रविवार गेला. गास्पारना अन्न गोड लागेना. माळ कोरडा निघाला तर? एखादं वर्ष पाऊस हुलकावणीही देतो.

सोमवारी दुपारी खेचर आलं. वर लेआंद्रो, कमरेपर्यंत चिखल, डास चावून तोंड असं सुजलेलं की डोळे शोधावे लागत होते. मोजा एकच.

"खांब?" गास्पारनी विचारलं.

"वाहून गेला."

"प्रार्थना?"

"पाद्री झाडावरून म्हणत होते. मी दुसऱ्या झाडावर होतो."

तोमासाने माशाचं गरम सार आणलं. तीन वाडगे रिचवून लेआंद्रोंनी कागद मागितला आणि माद्रिदला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. त्यातले काही शब्द पाद्रीबाबांनी नंतर खोडायला लावले म्हणतात.

वर्षाने उत्तर आलं. अख्खं गाव चौकात लोटलं. गास्पारनी खणखणीत आवाजात वाचलं. "सांता कासिल्दाने आहे त्या जागीच राहावं. चाच्यांसाठी किनाऱ्यावर बुरूज बांधावा."

मग त्यांनी टोपी काढली, कागदाचं चुंबन घेतलं, तो डोक्यावर ठेवला. "हुकूम शिरसावंद्य आहे," ते म्हणाले. पुढचं वाक्य गावाला पाठ होतं, पण ते आलंच नाही. "आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा, तो पाळला जाईल."

"पाळायचा म्हणजे करायचं काय, साहेब?" तोमासाने विचारलं.

"आहे त्या जागी राहायचं."

तोमासाने घागरा सावरला आणि ती चौकात फतकल मारून बसली. "घ्या. पाळला."

तिच्यामागे कोळी बसले, त्यांच्या बायका बसल्या, पाद्रीबाबासुद्धा. शेवटी डोक्यावरचा कागद एका हाताने धरून गव्हर्नरसाहेबही त्यांच्यात बसले.