वर्षभर जागची न हललेली गाडी

याआ डुफीने अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत रोवलं आणि भावाच्या पोराला दाखवलं.

"बघ. अख्खं नख बुडतंय. कुठे झिजलाय सांग."

ओफोसू उकिडवा बसला होता. त्याने टायरच्या बाजूवरून बोट फिरवलं. तिथे सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा होत्या.

"आत्या, झिजला नाही म्हणजे चांगला असं नसतं. वर्षभर गाडी एका जागी उन्हात उभी आहे, रबर मेलंय. मी चार नवे निवडून आणतो, संध्याकाळपर्यंत बसवतो. अनानेला आजच्या दिवस थांबव."

"बापाची गाडी काही तुझ्या डोळ्यांतून जात नाही, बाबा."

गाडी ओफोसूच्याच बापाची होती. लाल, बुटकी, पळायलाच जन्मलेली. पण कुमासीत माणूस गेला की त्याचं सगळं बहिणीच्या मुलाकडे जातं, म्हणजे ही गाडी डुफीच्या मुलाकडे, अनानेकडे. वर्षाचा विधी होईपर्यंत मेलेल्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो, म्हणून डुफीने किल्ली कमरेच्या कापडात गाठ मारून ठेवली होती आणि गाडी तसूभर हलू दिली नव्हती. त्याचा तिला तोरा होता. विधी कालच पार पडला. आता या पोराकडून चार टायर घ्यायचे, आणि उद्या तो वडीलधाऱ्यांच्या बैठकीत उभा राहून म्हणणार, चाकं माझी, तर गाडीतही माझा वाटा. बैठक ते ऐकूनही घेते. डुफी इतकी खुळी नव्हती.

तिने किल्ली अनानेच्या हातात ठेवली. तो अक्राला निघाला होता. डुफी पुढे बसली, आणि अनानेची मुलगी पोकुआ मागच्या चिमुकल्या सीटवर, मांडीवर पाव घेऊन.

गावाबाहेर पडताच खालून दबदब आवाज यायला लागला. रस्ता खराब आहे, अनाने म्हणाला. रस्ता तर गुळगुळीत होता. डुफीने आरशात पाहिलं. मागे बऱ्याच अंतरावर ओफोसूची मोटरसायकल होती.

"आलाय बघ," ती म्हणाली, "गाडीला नजर लावायला."

कोनोंगो गाव मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला आणि अनानेने पाय दाबला. दबदब आवाज एकमेकांत मिसळले. एकच थरथर सीटमधून वर चढली आणि डुफीच्या दातांपर्यंत पोचली. मागे पोकुआ आपले गाल हलताहेत म्हणून खिदळत होती. समोरून ओंडके भरलेला ट्रक आला, खेटून गेला, त्याच्या मागे दुसरा. डुफीने दाराची मूठ धरली. सुकलेल्या चिखलासारख्या त्या भेगा तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. थांब, एवढं म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं की ओफोसू खरा ठरत होता. पुढे उतार दिसला आणि अनानेने वेग कमी केला नाही.

"अनाने, गाडी थांबव. मला लघवीला जायचंय."

"आई, आत्ताच तर घरातून निघालो."

"म्हातारीला वेळ विचारतोस?"

तो हसला आणि गाडी कडेला घेतली. डुफी झुडपांकडे गेली नाही. मागच्या चाकापाशी वाकली. खाचा होत्या तशाच खोल होत्या. बाजूला मात्र अंड्याएवढा फुगा आला होता. हात लावला तर चटका बसला. तिने अंगठ्याचं नख पुन्हा खाचेत घातलं, तर रबराची ढलपी झाडाच्या सालीसारखी हातात आली आणि आत तारा दिसल्या.

ती रस्त्याच्या कडेलाच बसली. खिडकीतून पोकुआ विचारत होती, आजी, झाली का गं तुझी?

मोटरसायकलही मागे थांबली होती. ओफोसू जवळ येत नव्हता. हेल्मेट हातात घेऊन लांबच उभा होता. डुफीने पोकुआला खाली उतरवलं, अनानेच्या हातून किल्ली घेतली आणि नातीचं मनगट धरून त्याच्याकडे चालत गेली. मोटरसायकलवर मागे पाण्याचा कॅन बांधला होता आणि एक जुनी पांढरी चादर. ती चादरीकडे बघत राहिली; अशी चादर रस्त्यावर पडलेल्यांच्या अंगावर घालतात. ओफोसूने मान वळवली.

तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"चारही तूच निवड."

"आत्या, मी घातले तर उद्या बैठकीत—"

"बैठकीत मी बोलेन. पुढे कुठले, मागे कुठले, ते तुला ठाऊक."

त्याने मूठ मिटली. डुफीने स्वतःच दोरीची गाठ सोडली, चादर झटकली, सावली बघून अंथरली आणि पोकुआला तिच्यावर बसवून उरलेला पाव तिच्या हातात दिला.