वहीच्या शेवटच्या पानावरची यादी

जरा माझ्याबरोबर कल्पना करा. दिवेआगरच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. वाळूत बांबू रोवलेत, बांबूंना दोऱ्या ताणल्यात आणि दोऱ्यांवर बोंबील वाळतायत. नीट बघा, ते कोणी बांधलेले नाहीत. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून ती जोडी दोरीवर टाकली आहे. आता त्या दोऱ्यांखाली दहा वर्षांची एक मुलगी उभी करा. तिच्या हातात दुसऱ्याचा मोबाइल आहे आणि तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. ही प्रणाली.

मोबाइल रुचिकाचा. रुचिका एकोणीस वर्षांची, शेजारच्या घरातली. ती कोळीवाड्याचे व्हिडिओ काढते आणि नऊ हजार माणसं ते बघतात. रुचिका जाईल तिथे प्रणाली जाते. तिची पाण्याची बाटली धरते, चपला सांभाळते, तिच्यासारखी ओढणी खोचते.

"आली का रुचिकाची शेपूट जेवायला?" प्रणालीची आजी नीराबाई रोज विचारायची.

शेजारचा हर्षद तिला चमची म्हणायचा. रुचिका स्वतः हसून म्हणायची, "ही माझी पहिली फॉलोअर."

शाळेत त्याच आठवड्यात बाईंनी एका अर्थाच्या जवळचे शब्द गोळा करायला सांगितले होते. प्रणालीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: चाहती, भक्त, अनुयायी, पाठीराखी, शिष्या. खाली पेन्सिलने बारीक अक्षरात: चमची, शेपूट. यातली आपण कोण? रोज ती एका शब्दाखाली रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी खोडायची. चाहती तर लांबूनही होता येतं. चमचीला बदल्यात काहीतरी हवं असतं. आपल्याला हवं होतं का काही? हो, थोडं हवं होतं. रुचिकाताईने एकदा तरी व्हिडिओत आपलं नाव घ्यावं. शिष्या मात्र ती खरंच होती, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा रुचिकाकडे हा मोबाइल नव्हता. दुपारी दोघी उपड्या होडीवर बसायच्या आणि रुचिका तिला वारा ओळखायला शिकवायची. "डोळे मिट गो. कुठल्या कानाला गार लागतंय, सांग."

या वाड्याची एक रीत आहे. वारा फिरून पावसाची चाहूल लागली, की ज्याला ती पहिल्यांदा कळेल त्याने हाक द्यायची. मग जो असेल त्याने धावायचं आणि कोणाचेही असोत, सगळ्यांचे बोंबील उतरवायचे. हाक देणाऱ्याने आपली दोरी सोडून दुसऱ्याच्या दोरीपासून सुरुवात करायची, म्हणजे कोणी म्हणणार नाही की याने आपलं तेवढं वाचवलं. आणि पाऊस आलाच नाही, तर हाक देणाऱ्याने सगळ्यांचे बोंबील एकट्याने परत टांगायचे. वर वर्षभर चेष्टा सोसायची.

नोव्हेंबरातली ती दुपार. बायका हरिहरेश्वरला साखरपुड्याला गेल्या होत्या, पुरुष समुद्रावर होते. पाच घरांचे बोंबील रुचिकावर सोपवले होते. आणखी एक ऊन लागलं की ते तयार होणार होते. भिजले, तर काळे पडणार आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाणार.

"हात हलवू नको," रुचिका म्हणाली. "लाइव्ह चालू हाय."

ती दोऱ्यांमधून हसत चालत होती. प्रणालीच्या उजव्या कानाला समुद्राचा वारा लागत होता. मग तो थांबला. जरा वेळाने डाव्या कानाला गार लागलं, डोंगराकडून. तिने चेहरा वळवला. आकाश स्वच्छ होतं. फक्त खाली, डोंगराला टेकून, एक करडी पट्टी होती.

"रुचिकाताय, वारा."

"काय वारा?"

"फिरला वाटतं."

"काय न्हाय फिरला. मोबाइल सरळ धर. रिकाम्या दोऱ्या कोण बघणार?"

प्रणालीने मोबाइल सरळ धरला. पडद्यावर कोणीतरी लिहिलं होतं, ताई, किती शूर आहात. खाली लाल बदाम तरंगत होते. चारशे माणसं बघत होती. डावा कान पुन्हा गार झाला. रुचिकाताईला कळलं असेल, तिला आधी कळतं, ती देईलच हाक. प्रणालीने वाट बघितली. रुचिकाने केस मागे सारले आणि एक बोंबील कॅमेऱ्याजवळ धरला.

पलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. आता समुद्रावर न जाणारे म्हातारे विठोबाकाका जाळं शिवत खाली मान घालून बसले होते. हाक चुकली, तर हर्षद काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. बरोबर ठरली, तर चारशे माणसांसमोर रुचिकाताई खोटी पडणार. मग ती बाटलीसुद्धा धरू देणार नाही.

तिने डोळे मिटले. गार. डाव्याच कानाला.

प्रणालीने मोबाइल मासळीच्या टोपलीवर उलटा ठेवला.

"गो, काय करतेस?" रुचिका म्हणाली.

प्रणाली उपड्या होडीवर चढली. "वारा फिरला," ती ओरडली. पहिल्यांदा आवाज चिरकला, म्हणून पुन्हा ओरडली. विठोबाकाकांनी मान वर केली. हर्षदच्या हातातली बॅट तशीच राहिली.

पाऊस येतो की नाही हे बघायला ती थांबली नाही. उडी मारून खाली आली, आपल्या आजीची दोरी ओलांडून रुचिकाच्या दोरीशी गेली आणि पहिल्या जोडीचे जबडे एकमेकांतून सोडवू लागली.